धंद्यासाठी बाहेरचा सल्ला: बेळगाव सीमाभागातल्या लहान उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले दुकानदार, वर्कशॉपवाले आणि घरून धंदा करणाऱ्या महिला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे. मी स्वतः फी घेऊन असा सल्ला देतो. वाचताना तेही लक्षात असू द्या.

१. वीस वर्षं धंदा करतोय. बाहेरचा माणूस येऊन मला काय नवीन शिकवणार?

धंदा शिकवणार नाहीच. कास्टिंगला ब्लोहोल (हवेचं भोक) का पडतो, कोणत्या सणाला कोणती साडी उठते, कोणतं गिऱ्हाईक तासभर घासाघीस करून शेवटी घेतंच, यातलं त्याला तुमच्या निम्म्यानंही कळत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे.

तुम्हाला रोज सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचं त्या सल्ल्यात काही ना काही अडकलेलं असतं. मशीनचा डीलर मशीन घ्या म्हणणार. बँकेचा अधिकारी मार्चअखेर जवळ आला की कर्जाचं लिमिट वाढवून घ्या म्हणणार. होलसेलवाला 'दर चढतायत, आत्ताच उचला' म्हणणार. धाकट्या भावाला शहापूरला दुसरं दुकान काढायचं असतं, थोरल्याला आहे ते हलवायचं नसतं, आणि जुन्या कामगाराला पद्धत बदललेली नको असते. यातला कुणी खोटं बोलत असतो असं नाही. पण तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, ज्याला काडीचा फरक पडत नाही, असा माणूस या यादीत एकही नाही.

दुसरं म्हणजे तो बावळट वाटणारे प्रश्न विचारतो. या पार्टीला हा दर का? 'वडिलांनी लावून दिला होता.' कधी? मग कुणीतरी जुनी बिलं काढतं आणि घरात शांतता पसरते.

२. 'स्ट्रॅटेजी' वगैरे मोठ्या कंपन्यांचं. आमच्या एवढ्याशा दुकानाला काय करायचीय?

शब्द बाजूला ठेवा. कोणाला विकायचं, काय विकायचं, कोणत्या दरानं, आणि काय बंद करायचं, या चार गोष्टी ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी. तुम्ही त्या ठरवल्या नाहीत तरी त्या आपोआप ठरतच असतात. समोर येईल त्या गिऱ्हाइकानुसार.

मिठाईच्या दुकानाचं बघा. कुंदा (बेळगावची खास मिठाई) खपतो म्हणून त्याच काउंटरवर केक, फरसाण, आईस्क्रीम, थंड पेयं असं सगळं येत जातं. प्रत्येक वस्तू आली तेव्हा 'गिऱ्हाईक विचारतंय' हे कारण होतं. वर्षभरानं फ्रीज तीन होतात, वीजबिल दुप्पट होतं, आणि ज्याच्यासाठी गोव्याची गाडी थांबते तो कुंदा मागच्या कोपऱ्यात जातो. यातलं काय काढायचं हे मालकाला सांगवत नाही, कारण प्रत्येक वस्तू त्यानंच आणलेली असते.

३. आमचा सीए आहे की. तो पुरेसा नाही का?

त्याच्याकडे झालेल्या वर्षाचा हिशेब असतो, आणि तो करापुरता असतो. तेवढ्याचीच फी तुम्ही त्याला देता. वर्षात एकदा त्याला वेगळे पैसे देऊन एवढंच विचारा: कोणत्या मालावर, कोणत्या पार्टीवर किती सुटलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, तुम्ही तशी नोंदच ठेवत नाही. काही सीए हे काम फार चांगलं करतात. तुमचा त्यातला असेल तर दुसरा माणूस शोधू नका.

४. सल्ला नेमका कधी घ्यावा?

विक्री दरवर्षी वाढते आणि तरी दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पगारासाठी सोसायटीकडे धाव घ्यावी लागते, तेव्हा. मोठं कर्ज काढून मशीन किंवा जागा घ्यायच्या आधी. सही झाल्यावर नव्हे. एकाच पार्टीकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल तेव्हा. धंदा पुढच्या पिढीकडे द्यायचा असेल तेव्हा.

आणखी एक खूण आहे, ती इथलीच. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातली लॉज भरतात आणि दर चढतात. त्या थोड्या दिवसांच्या आकड्यांवर वर्षाचा अंदाज बांधून वरचा मजला चढवायला घेणारे मालक आहेत. लग्नसराई, गणपती, सौंदत्तीची यल्लम्मा जत्रा, उसाचा हंगाम यांवर चालणाऱ्या प्रत्येक धंद्यात हा धोका असतो. हंगामातला गल्ला पाहून कायमचा खर्च वाढवावासा वाटला, तर आधी कुणाला तरी बारा महिन्यांचे आकडे दाखवा.

५. आणि कधी घेऊ नये?

निर्णय आधीच झालाय आणि फक्त कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणायला हवंय, तेव्हा पैसे वाया घालवू नका. पुढच्या आठवड्याचा पगार द्यायला पैसे नाहीत, तेव्हाही नको. आधी वसुली करा, पडून असलेला माल काढा, बँकेशी बोला. आणि रोजची रोकड-उधारी लिहिलेलीच नसेल तर सल्लागार फक्त अंदाज बांधेल. अंदाज तुम्हीही बांधू शकता, तोही फुकट.

६. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम) करतो. मशीनला काम भरपूर, हातात पैसा नाही. सल्लागार यात काय बघेल?

तो आधी मशीनचा तासाचा दर बघेल. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा विस्तारानं. आकडे समजण्यासाठी गोल धरलेत, तुमचे घालून पाहा.

व्हीएमसी (धातू कापणारं संगणकावर चालणारं मशीन) तीस लाखांचं. दहा वर्षांत फिटायचं म्हणजे वर्षाला ३ लाख. व्याज सरासरी दीड लाख. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, महिना २० हजारप्रमाणे ४ लाख ८० हजार. जागा, देखरेख, किरकोळ मिळून २ लाख ४० हजार. मशीन चालो न चालो, हे ११ लाख ७० हजार जाणारच. त्यावर मशीन चालेल तेव्हा वीज तासाला ८ युनिट, युनिट ८ रुपयांनी ६४ रुपये, आणि टूल, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं), कूलंटचे ३० रुपये. म्हणजे चालत्या तासाचे ९४.

मालक हिशेब असा करतो: दोन पाळ्या, १६ तास, ३०० दिवस, वर्षाचे ४,८०० तास. ११ लाख ७० हजार भागिले ४,८०० म्हणजे सुमारे २४४ रुपये. अधिक ९४. झाले ३३८. बाजारात ४०० रुपये तास मिळतात, म्हणजे तासाला ६२ रुपये सुटतात. छान.

आता शेडमध्ये उभं राहून मशीन खरंच किती तास कापतंय ते बघा. सेटिंगला दोन तास गेले. पार्टीचं कास्टिंग आलं नाही म्हणून सकाळ गेली. पहिला पीस क्वालिटीवाल्यानं पास करेपर्यंत स्पिंडल थांबलेलं. जॉब हार्ड लागला, इन्सर्ट तुटला. महिनाभर पाटीवर लिहिलंत तर साठ टक्के चाललं तरी बरं म्हणायचं. ४,८०० च्या साठ टक्के म्हणजे २,८८० तास. तेच ११ लाख ७० हजार आता २,८८० वर वाटले जातात: ४०६ रुपये. अधिक ९४. तास पडला ५०० ला, आणि तुम्ही विकताय ४०० ला. जेवढे जास्त तास, तेवढा जास्त नफा असं तुम्हाला वाटतं, आणि प्रत्येक बिल केलेल्या तासामागे १०० रुपये जातायत. घसारा लगेच खिशातून जात नाही म्हणून ते पाच-सहा वर्षं कळत नाही. मशीन बदलायची वेळ आली की कळतं.

इथे सल्लागाराचं काम सुरू होतं. दर वाढवा, हे त्याचं पहिलं उत्तर असेल तर तो कामाचा नाही; ते मागून मिळत असतं तर तुम्हीच मागितलं असतं. कोणत्या पार्टीच्या कामाला सेटिंग सारखं बदलावं लागतं, कुणाचं कास्टिंग नेहमी उशिरा येतं, कुणाच्या कामात रिजेक्शन तुमच्या माथी मारलं जातं, हे त्यानं पार्टीवार काढायला हवं. बहुधा तीन-चार पार्ट्यांतच सगळं दुखणं निघतं. त्यातल्या एकीला सेटिंगचा वेगळा चार्ज लावायचा, एकीला किमान पन्नास पीसची लॉट सांगायची, आणि एकीला नमस्कार करायचा. नमस्कार करणं सगळ्यांत अवघड जातं, कारण ती पार्टी बहुधा सगळ्यांत जुनी असते.

७. बँक नव्या मशीनला कर्ज द्यायला तयार आहे. बँकेनं तपासलंच असेल ना?

बँकेनं तपासलं ते तिचे पैसे परत येतील का. हप्ता घराच्या तारणातून वसूल झाला तरी तिच्या दृष्टीनं कर्ज सुरक्षितच. प्रश्न ६ मधला हिशेब आधीच्या मशीनवर करा. जुनं साठ टक्के चालत असेल तर नव्याची गरज आहे का, हे त्यातच दिसेल.

८. आमचं निम्मं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, गोव्याचं. त्याचा आणि सल्ल्याचा काय संबंध?

आपल्याकडे तो फार आहे. दुकान एका राज्यात आणि गिऱ्हाईक तीन राज्यांत. वेंगुर्ला रोडनं शिनोळीला पोचलात की महाराष्ट्र, चोर्ला घाटानं उतरलात की गोवा. लग्नाचा बस्ता असो, शेतीचं औजार असो की फर्निचर, या सगळ्या मुलखाला बेळगावची बाजारपेठ जवळची. बहुतेक दुकानदार मात्र फक्त शहराकडे बघून आखणी करतात. बाहेरचं गिऱ्हाईक आपोआप येतं, म्हणून ते कुठून येतं याची नोंद कुणी ठेवत नाही.

बिल करताना फक्त गाव विचारून वहीत लिहा. दोन महिने. (वहीत म्हणतोय, बिलावर नाही, कारण प्रश्न १० मध्ये.) मग निर्णय बदलतात. गोव्याचं गिऱ्हाईक रविवारी येत असेल तर सुट्टी रविवारी कशी? चंदगडचं भात निघाल्यावर येत असेल तर माल कधी भरायचा?

दुसरी बाजू जोखमीची. सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. बंदची हाक आली की बाजार अर्धा. पावसाळ्यात घाटरस्त्याचा भरवसा नसतो. महाराष्ट्रातून येणाऱ्या गिऱ्हाइकावर निम्मा धंदा असेल तर असे दहा दिवस सोसण्याइतकी रोकड बाजूला हवी, किंवा पलीकडे माल पोचवायची सोय हवी. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, हा हिशेब तुम्हाला चुकत नाही.

९. म्हणजे मी चंदगडला माल पाठवायला लागलो तर जीएसटीचं काय?

इथे बरेच जण अडकतात. दुसऱ्या राज्यात वस्तू पुरवायच्या असतील तर जीएसटी नोंदणीसाठीची ४० लाख उलाढालीची मर्यादा धरून बसता येत नाही; उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. कॉम्पोझिशनमध्ये (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची जीएसटीची योजना) असाल तर आंतरराज्य विक्री करताच येत नाही, आधी नियमित करदात्यात यावं लागतं. हस्तकलेच्या काही वस्तूंना २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. तुमची वस्तू त्या यादीत आहे का ते सीएकडून बघून घ्या. निव्वळ सेवा देणाऱ्यांना, उदाहरणार्थ डिझाइनचं काम करणाऱ्यांना, २० लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यातल्या कामासाठी सक्ती नाही. आणि माल ५० हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं.

पंचवीस किलोमीटरवर टेम्पो पाठवला तरी कायद्याच्या नजरेत तो बेंगळुरूहून दिल्लीला पाठवल्यासारखाच. म्हणूनच 'चंदगडला डिलिव्हरी सुरू करूया' हा निर्णय वाटतो तेवढा छोटा नसतो. कॉम्पोझिशन सोडली की दर, बिल, वही, सगळं बदलतं.

१०. पण चंदगडचं गिऱ्हाईक स्वतः दुकानात आलं आणि माल घेऊन गेलं तर?

गिऱ्हाइकाकडे जीएसटी नोंदणी नसेल आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर विक्री दुकानाच्या जागी झाली असं धरतात, म्हणजे राज्यांतर्गत. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावर नोंदलेला पत्ता धरला जातो, आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता नोंदल्यासारखाच मानतात. म्हणजे हौसेनं बिलावर 'मु. पो. चंदगड, महाराष्ट्र' लिहिलंत की ती आंतरराज्य विक्री झाली. कॉम्पोझिशनवाल्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. नोंदणी असलेला महाराष्ट्रातला व्यापारी काउंटरवरून माल उचलत असेल तर ते प्रकरण वेगळं. सीएशी बोलल्याशिवाय बिल फाडू नका.

११. पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देते. सल्लागार काय वसुलीला जाणार आहे का?

नाही जाणार. पण तुमच्या हातात काय आहे ते सांगेल, आणि तुम्ही ते का वापरत नाही हेही विचारेल.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी असेल तर खरेदीदाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय मुदत टळली की त्या खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात दाखवून आयकरात वजावट घेता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्चमध्ये मोठ्या पार्ट्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून उद्यम क्रमांक विचारतात. तो बिलावर छापलेला असू द्या.

अपवाद: हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. या ४५ दिवसांचा लाभ त्याला नाही. खडेबाजारातले दुकानदार हे ऐकून नाराज होतात.

कायदा असून कुणी तक्रार का करत नाही? कारण ती एकच पार्टी निम्मं काम देते. म्हणजे दुखणं वसुलीचं नाही, एका पार्टीवर अवलंबून राहण्याचं आहे, आणि ते कायद्यानं सुटत नाही. दोन वर्षांत त्या पार्टीचा वाटा निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर कसा आणायचा, यावर बसून बोलण्यासारखं आहे.

१२. फी किती घेतात? आणि कशी ठरवावी?

आकडा सांगत नाही, कामागणिक बदलतो. पद्धत सांगतो. एक प्रश्न, एक मुदत, एक रक्कम. 'धंदा वाढवून द्या' असं काम देऊ नका. 'आमच्या पंधरा पार्ट्यांपैकी कोणत्या ठेवाव्यात, ते सहा आठवड्यांत आकड्यांसह लिहून द्या', असं द्या. पैसे तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा लेखी अहवाल हातात आल्यावर.

मंजूर झालेल्या कर्जावर किंवा सबसिडीवर टक्का मागणारा सल्लागार नको. त्याचा पगार तुमच्या कर्जातून निघत असेल तर तो कर्ज घेऊ नका असं कधी म्हणेल?

नोंदणीकृत सल्लागाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येईल. नियमित करदाते असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, कॉम्पोझिशनमध्ये मिळत नाही.

१३. फुकट किंवा सरकारी खर्चानं सल्ला मिळतो का?

मिळतो, आणि फार कमी लोक घेतात. उत्पादन करणाऱ्यांसाठी केंद्राची लीन योजना आहे: नेमलेला सल्लागार शेडमध्ये येऊन वाया जाणारा वेळ, माल, हालचाल शोधतो आणि त्याच्या फीचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. झेड या केंद्राच्या दर्जा प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत आहे. दोन्हींसाठी उद्यम नोंदणी लागते. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत.

योजना कोणती, अर्ज कुठे, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. धारवाडला उद्योजकता विकासाचं राज्य सरकारचं केंद्र, सिडॉक, आहे. नव्यानं सुरू करणाऱ्यांना त्याचा उपयोग जास्त. बेळगावात इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनाची कॉलेजं आहेत, तिथल्या मुलांना प्रोजेक्टसाठी खरा विषय हवाच असतो. प्रश्न ६ मधला मशीनचा तासांचा तक्ता महिनाभर उभं राहून लिहायला दोन विद्यार्थी पुरतात. त्यांच्याकडून निष्कर्ष घेऊ नका, नोंदी घ्या.

१४. सल्लागार पुण्याचा घ्यावा की इथलाच?

तुमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानाला सल्ला देणारा नको, एवढं बघा. बाकी पुणे, हुबळी, कोल्हापूर, कुठलाही चालेल. अट एक की त्यानं निदान दोन दिवस तुमच्या जागेवर बसायला हवं, व्हिडिओ कॉलवर नव्हे.

भाषेचा मुद्दा खरा आहे. मालकाशी मराठीत बोलणं झालं तरी ऑपरेटर गोकाकचा, स्टोअरवाला बैलहोंगलचा. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलल्याशिवाय शेडमधलं खरं कळत नाही. सरकारी कागदही कन्नडमध्ये येतात. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, या नियमासारख्या गोष्टी पुण्याच्या माणसाला ठाऊकच नसतात, आणि तो मराठी ब्रँडिंगचा सुंदर बोर्ड डिझाइन करून मोकळा होतो. तेव्हा सल्लागाराला किंवा त्याच्या सहायकाला कन्नड येत असेल तर उत्तम. नाहीतर तुमचा एक विश्वासू माणूस त्याच्यासोबत द्या. स्वतः मध्ये बसून भाषांतर करू नका; मालकासमोर कामगार काय बोलणार?

१५. धंदा तिघा भावांचा. मला सल्ला हवाय, थोरल्या दादाला पटत नाही. काय करू?

दादाला टाळून सल्लागार आणलात तर तो अहवाल पहिल्याच दिवशी मेला. पहिल्या बैठकीला तिघेही हवेत, आणि प्रश्न दादांनी विचारलेला असावा. 'दादा, तुम्हाला या धंद्यातली सगळ्यांत मोठी काळजी कसली वाटते?' तिथून सुरुवात करा. बहुधा ती तुमच्या काळजीपेक्षा वेगळी असते, आणि बऱ्याचदा जास्त शहाणी.

एका गोष्टीची तयारी ठेवा. घरच्या धंद्यात सल्लागाराला पहिली भेग दिसते ती गल्ल्यात. सकाळी दूधवाल्याचे, दुपारी पुतण्याच्या फीचे, संध्याकाळी पिग्मी एजंटचे पैसे त्याच ड्रॉवरमधून निघतात, आणि रात्री रोकड जुळवताना 'किरकोळ' म्हणून एकच आकडा पडतो. कोण किती काढतं हे तिघांनाही अंदाजे माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. बाहेरचा माणूस ते बोलतो. मग तिघांना ठरलेला पगार आणि घरखर्चाचा वेगळा चेक, एवढाच बदल आधी करावा. यावरून दोन दिवस अबोला होईल. होऊ दे.

१६. मुलगा एमबीए झालाय. तो फुकट सल्ला देतोय की.

ऐका, पण तो बाहेरचा नाही. उद्या दुकान त्याचंच आहे. त्याला सल्लागारासोबत बसवा.

१७. आमच्या आकड्यांची बाहेर वाच्यता झाली तर?

गोपनीयतेचा एक पानी करार करा आणि पार्ट्यांची नावं देऊ नका. अ, ब, क लिहून दिलं तरी विश्लेषण होतं.

१८. आम्ही चपला बनवतो, घरातली चार माणसं. आमच्यासारख्यांना हे लागू आहे का?

अथणी, निपाणी, रायबाग भागातून हा प्रश्न येतो. स्वतंत्र सल्लागार तुम्हाला परवडणार नाही आणि लागतही नाही. पाच-दहा कारागिरांनी मिळून एक प्रश्न घेऊन जावं, तो म्हणजे दराचा. व्यापारी जोडीला जो भाव देतो त्यात चामडं, शिलाई, पॉलिश आणि घरातल्या बायकांच्या वेणीकामाचे तास धरलेत का? ते तास कुणीच धरत नाही.

तुमच्या हातात एक नाव आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या चार जिल्ह्यांनाही आहे. मानांकन महाराष्ट्रात लिडकॉम आणि कर्नाटकात लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतलीत तर हाच माल नावानिशी विकता येतो. परराज्यात पाठवण्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

१९. सल्ला घेतला, पण पटत नाही. पाळायलाच हवा का?

मुळीच नाही. पटत नाही तो भाग कोणत्या आकड्यावर उभा आहे ते विचारा. आकडा चूक असेल तर सल्ला चूक. आकडा बरोबर आणि तरी पटत नसेल, तर लहान करून पाहा: सगळ्या पार्ट्यांचा दर न वाढवता एकीचा वाढवा, नवी शाखा न काढता महिनाभर त्या गावात आठवड्याच्या बाजारी टेबल लावा. परत घेता येत नाही असा निर्णय, म्हणजे जागा विकणं, भागीदारी मोडणं, माणसं काढणं, एकाच माणसाच्या सल्ल्यावर घेऊ नका. माझ्याही.

२०. सल्लागार म्हणतो, धंदा बंद करा. आता?

हा प्रश्न कमी येतो, पण येतो तेव्हा पत्र लांबलचक असतं.

आधी त्याला विचारा की जागेचं भाडं हिशेबात धरलंय का. बाजारपेठेतली बरीच जुनी दुकानं जागा स्वतःची आहे म्हणून चालताना दिसतात. शेजारच्या गाळ्याला जे भाडं मिळतं ते तुमच्या हिशेबात खर्च म्हणून टाका. तुमचा स्वतःचा पगार टाका. नोकरी केली असती तर मिळाला असता तो. मग काही उरत नसेल तर आज धंदा तुम्हाला पोसत नाही, आजोबांनी घेतलेली जागा पोसते आहे.

पण 'उरत नाही' आणि 'बंद करा' यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि सल्लागारानं त्या दाखवल्या नसतील तर पैसे परत मागा. निम्मं दुकान भाड्यानं देता येतं. तोट्यातला विभाग काढून दोनच प्रकारचा माल ठेवता येतो. चालतं गिऱ्हाईक आणि नाव यांचीही किंमत येते, पण ती दुकान उघडं असताना. कुलूप लागल्यावर कुणी देत नाही.

सगळं पाहून बंदच करायचं ठरलं, तर क्रम पाळा. आधी उधारी वसूल करा, मग बातमी फुटू द्या. उलट केलंत तर निम्मी उधारी बुडाली समजा. कामगारांची देणी लेखी चुकती करा. बँकेचं लिमिट बंद करून तारणाचे कागद परत घ्या. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर ३ महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं, आणि शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. ती रक्कम मोठी असू शकते, म्हणून सेल आधी लावा, अर्ज नंतर करा.